सातव्या ठोक्याला पाऊल

आमच्या धंद्यात गाणं गाऊन, वाजवून, घासूनपुसून तयार झालं की सगळ्यात शेवटी एक अर्ज भरावा लागतो. कॅसेटच्या काळात हाच मजकूर कव्हरच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापला जायचा. आता गाणं थेट मोबाइलवर प्रसिद्ध होतं, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर रकाने भरायचे. गायक कोण, गीत कोणाचं, चाल कोणाची. एकही रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढं सरकत नाही. ठाऊक नसेल तर काय लिहायचं, हे मी विशीत शिकले आणि पुढं चाळीस वर्षं डोळे झाकून लिहीत आले. 'पारंपरिक'.

हा शब्द आता नुसता दिसला तरी माझं डोकं तडकतं. संपादकांनी माझ्याकडं स्टुडिओतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. दिवाळीचा अंक आहे, लोकांना फराळाबरोबर हसायला हवं, हे मला कळतं. पण यंदा माझ्याकडं चिडण्यासारखंच आहे आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे. तेव्हा गोड मानून घ्यावं.

माझ्या वडिलांचं लातूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरात मुलगा नाही, म्हणून तारांना डाग द्यायची इस्त्री माझ्या हातात आली. पुढं दुकानामागच्या दोन खोल्यांत गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला मारून मी स्टुडिओ केला. जागेत खोट एकच, शेजारी डाळ मिल. मिल चालू असली की भिंतीतून घुमल्यासारखा आवाज येत राहतो. माणसाचा कान त्याला सरावतो, माइक सरावत नाही. अमावास्येला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार बंद, हमाल बंद, म्हणून मिलही बंद. त्यामुळं माझं खरं रेकॉर्डिंग महिन्यातून एकदाच, अमावास्येला. भजनी मंडळं म्हणायची, "ताई, चांगला दिवस बघा की." मी म्हणायची, तुमच्या देवाला चालत असेल तर पौर्णिमेला या, पण भजनाबरोबर डाळपण भरडून मिळेल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका क्लासवाल्या सरांना निकालाचं गाणं हवं होतं, त्यात पहिल्या आलेल्या सगळ्या मुलांची नावं. नावं वृत्तात बसवता बसवता आमचा कवी घायकुतीला आला. गाणं झालं तर एका मुलाचे वडील स्टुडिओत येऊन बसले. त्यांच्या पोराचं नाव ढोलकीखाली दबलं होतं म्हणे. मी ती ओळ परत करून दिली. तेव्हा मी त्या माणसाला मनात खूप हसले होते.

आता 'सिंगल फेज'बद्दल. हे एका रॉक बँडचं नाव आहे. चार पोरं, चौघं लातूरला डॉक्टरकीच्या क्लाससाठी आलेली. डॉक्टर कोणीच झाला नाही. एक मोबाइलच्या दुकानात, एक बँकेत, एक क्लासमध्येच फिजिक्स शिकवतो आणि चौथा गजानन, जो गातो, गिटार वाजवतो आणि बँडचा कर्ताधर्ता आहे. गजानन किनवटकडचा. जंगलातलं गाव, शाळा दूर, म्हणून सहावीपासून वसतिगृहात राहिलेला. पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, अमावास्येला यावं लागेल. तो म्हणाला, "मावशी, आमचं असंबी समदं अमावास्येलाच चालू हाय."

पोरं कष्टाळू होती. माझ्या स्टुडिओत ड्रम मावत नव्हते, तर दारातून अर्धे बाहेर ठेवून वाजवले. तीन गाणी झाली. चौथं गजाननानं गिटारवर नुसतं सुरुवातीला छेडलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. ताट चमच्यानं वाजवावं तसे सहा ठोके, सातवा रिकामा. परत सहा, परत एक रिकामा. त्यावर शब्द:

*आधी धाकला, मागं थोरला,*
*हंडा आजून न्हाई सरला.*

"हे कुठलं रे?" मी विचारलं.

"हॉस्टेलचं हाय मावशी. जेवायच्या रांगेत म्हणायचो. समदेच म्हणायचे."

"केलं कोणी?"

"कोणी म्हंजे? होतंच ते. आमच्या आधीची पोरं बी म्हणायची."

मी पुढं विचारलं नाही. इथं माझी पहिली चूक. सगळे म्हणतात म्हणजे कोणाचंच नाही, असा आमच्या धंद्याचा हिशेब आहे, आणि तो साफ खोटा आहे.

दुसरी चूक त्याहून वाईट. गाणं मुंबईच्या एका कंपनीनं घेतलं. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, गाणं छान आहे, पण मधे मधे आवाज अडकल्यासारखा वाटतो, तेवढ्यात ऐकणारा पुढं निघून जाईल, ती फट भरा. गजानन कुरकुरला. म्हणाला, मावशी, तिथं कायच वाजत नसतंय. पण का वाजत नसतं ते त्यालाही सांगता येईना. बाकीचे तिघं म्हणाले, एवढं कशाला ताणता, कंपनी हातची जाईल. मी माझ्या साठ्यातला ढोलाचा एक दणका काढला आणि सातव्या जागी बसवला. कंपनी खूश. मग अर्ज भरला. गायक गजानन. संगीत सिंगल फेज. गीत आणि मूळ चाल पारंपरिक. ध्वनिमुद्रण, तिथं मात्र माझं नाव आडनावासकट.

गाणं चाललं. अगदी डोक्यावर घेतलं वगैरे नाही, पण कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजायला लागलं, ऑटोत ऐकू यायला लागलं. मग इंटरनेटवर मुलाखती. मी एक पूर्ण पाहिली. मुलाखत घेणारा पोरगा गजाननला म्हणतो, हा सातचा ठेका तुमच्याकडं कुठून आला, यावर परदेशातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा प्रभाव स्पष्ट दिसतो. आणि आमचा गजानन मान डोलावतो. चार परदेशी बँडांची नावं घेतो. त्यातल्या दोघांचं एकही गाणं त्यानं धड ऐकलेलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. किनवटचा उल्लेख नाही, रांगेचा नाही, ताटाचा नाही. मला तेव्हा ते जरा खटकलं. फक्त खटकलं. राग यायला अजून एक माणूस स्टुडिओत यायचा होता.

ऐन पावसाळ्यात एका दुपारी ते आले. सत्तरीचे, धोतर-सदरा, खांद्याला कापडी पिशवी. किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, एसटीनं. दारात चपला काढून म्हणाले, "मोबाइलवर तुमचं नाव दिसलं ताई, म्हणून पत्ता इचारत आलो. मी माणिक सर. वसतिगृहाचा गृहपाल होतो." गाण्यावर त्यांना सापडण्यासारखं एकच नाव होतं, आणि ते माझं.

मी पाणी दिलं. ते म्हणाले, "मला कायी भांडायचं न्हाई. फक्त इचारायचं हाय. आमच्या पोरायचं गाणं बंद का केलं?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. वसतिगृहात आता नवा गृहपाल आहे. त्यानं एका कार्यक्रमात पोरांचं ताटांवरचं गाणं मोबाइलवर टिपलं आणि टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गायब झाला आणि वर इंग्रजीत सूचना आली की हे गाणं अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. माणसानं केलेलं नव्हे हे, यंत्रच गाणी ताडून बघतं आणि सारखी वाटली की दावा ठोकतं. पण गृहपाल नोकरदार माणूस, घाबरला. कोर्टाची भानगड नको म्हणून त्यानं जेवायच्या रांगेतलं गाणंच बंद करून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"माझं घर वसतिगृहाच्या मागंच हाय," सर म्हणाले. "इतक्या वर्सात जेवणाच्या येळेला ताटं वाजली न्हाईत असं झालं न्हाई. आता वाजंनात. पोरं आजारी पडली की काय म्हून बघाया गेलो, तवा कळलं."

"ते गाणं केलं कोणी, सर?"

"मीच की," ते म्हणाले. वेळ सांगावी तितक्या सहज.

पिशवीतून त्यांनी वही काढली. वसतिगृहाची जुनी हजेरीवही, मागच्या पानांवर निळ्या शाईत गाणं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात रस्ता तुटला, धान्याची गाडी आली नाही. डाळ पातळ झाली, पोरांना वाटायला लागलं की आपल्यापर्यंत पुरणार नाही. रांगेत ढकलाढकली. एक सहावीतलं पोर उकळत्या हंड्यावर गेलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. सरांनी छड्या मारून पाहिलं, ओरडून पाहिलं. भुकेल्या पोराला छडीचं काय? मग त्याच आठवड्यात त्यांनी हे गाणं बांधलं. सहा ठोके ताटावर वाजवायचे. सातव्याला ताट छातीशी धरायचं, गप्प व्हायचं, आणि एक पाऊल पुढं टाकायचं. ताट छातीशी असलं की हात मोकळा राहत नाही, मग ढकलायचं कशानं? सगळी रांग एकदम एक पाऊल सरकते. त्यानंतर तिथं कधी कोणी भाजलं नाही.

मी त्यांना हेडफोन दिले आणि गाणं लावलं. का लावलं? मला वाटतं, मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. काय बेशरम धंदा आहे आमचा. सर डोळे मिटून ऐकत होते. बोटं मांडीवर सहा ठोके मोजत होती. सातव्याला त्यांचा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि त्याच क्षणी माझा ढोल दणकला. ते दचकले. पुढच्या फेरीला परत पाय उचलला, परत दणका. तिसऱ्या वेळी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"ताई, हितं गप बसायचं असतंय. हितं वाजवलं तर पोरगं थांबंल कसं? भाजंल ना."

चाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल लोक बरंच बोलले आहेत. आवाज फाटला, पेटी दबली, माझ्या पोराचं नाव ऐकू येत नाही. असं कोणी बोललं नव्हतं.

मी गजाननला फोन केला आणि काही न सांगता नुसतं "ये" म्हटलं. तो आला, सरांना पाहिलं आणि दारातच वाकून पाया पडला. बाकी जगासाठी तो रॉकवाला होता, या माणसापुढं तो सहावीतला होता. पण त्या वाकण्यानं मला उमाळा आला नाही. मी तडकलेच होते. म्हटलं, पाया पडतोस आणि मुलाखतीत परदेशी बँडांची नावं घेतोस? ज्याचं खाल्लं त्याचं नाव घ्यायला जीभ झडते का?

गजानन म्हणाला, "मावशी, मला ठावं नव्हतं सरांनी केलंय ते. खरंच न्हाई. पण हॉस्टेलचं हाय हे तर ठावं होतं, आन ते मी मुद्दाम सांगितलं न्हाई." त्याचा आवाज चढला. "हॉस्टेलचं म्हटलं की लोकायचा चेहरा बदलतोय. अरेरे, गरीब पोरगं, कसं शिकलं असंल. मग ते गाणं ऐकत न्हाईत, माझी कीव करून राहिले. मला गिटारवाला म्हून बघावं एवढंच पायजे होतं."

खोटं बोलत नव्हता तो. आणि म्हणूनच मला जास्त संताप आला, कारण आता चिडायला हा पोरगा पुरेना. किनवटचं वसतिगृह म्हटलं की कीव करायची आणि परदेशी बँड म्हटलं की मान डोलवायची, ही सवय त्यानं लावलेली नव्हती. ज्यांनी लावली ते माझ्या स्टुडिओत पकडून आणता येण्यासारखे नव्हते.

सर म्हणाले, "गजानन, माझं नाव नको घालू. तुला जड जातंय तर नको. पण पोरांचं गाणं सोडव बाबा."

"नाव घालायचं," मी म्हटलं. "सर, यात तुम्ही बोलू नका."

हे मी त्यांना असंच बोलले. ज्याचं गाणं त्यालाच गप्प बसवलं. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला वाटत होतं की नाव लागलं की सगळं निस्तरलं. त्याच दिवशी कंपनीला लिहिलं. चूक माझी, चाल पारंपरिक नाही, कर्ता हयात आहे, माझ्यासमोर बसला आहे. उत्तर आलं की पारंपरिक रचनेचा कर्ता असू शकत नाही. म्हणजे मी लिहिलेला शब्द माझ्याच तोंडावर फेकला. वहीच्या पानांचे फोटो पाठवले. वहीवर सही-शिक्का आहे का, म्हणाले. डाळ पातळ झाली त्या आठवड्यात शिक्का मारायला कोण बसलं होतं?

शेवटी गजानन हलला. त्यानं कॅमेऱ्यापुढं बसून, ताट हातात घेऊन, सगळं सांगितलं. वसतिगृह, रांग, हंडा, सर, आणि मुलाखतीत आपण थापा मारल्या तेही. म्हणाला, माझ्यावर प्रभाव फक्त एकाच माणसाचा आहे, आणि त्याच्याकडं गिटार नव्हती. बाकी तिघं त्याच्याशी महिनाभर बोलत नव्हते. मी ढोल काढून टाकला आणि गाणं नव्यानं केलं. सातवी जागा मोकळी. काही हजारदा ऐकलेलं असूनही ते गाणं मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

याच दिवसांत मी कपाटातल्या जुन्या कॅसेट काढून बसले. कव्हरं वाचत गेले. बिलोलीकडची एक बाई आठवली. लेक सासरी गेल्यावर तिनं केलेलं गाणं ती माझ्याकडं गाऊन गेली होती. "मीच केलंय माय हे," असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. कव्हरवर मी छापलेलं आहे, पारंपरिक. तिचं नाव मी कुठंच लिहून ठेवलेलं नाही. कव्हरं पुष्कळ आहेत. मी सगळी वाचली नाहीत, धीर झाला नाही.

गजाननानं इंटरनेटवर टाकलेलं ते बोलणं पुष्कळांनी पाहिलं आणि दिवाळीच्या आधी कंपनीचं पत्र आलं. नाव दुरुस्त केलं, गीत आणि चाल माणिक सर. यापुढं कोणावर दावा लागला तर तो सरांच्या परवानगीनं मागं घेतला जाईल. मी पेढे घेऊन थेट किनवट गाठलं, गजानन बरोबर. सरांना घेऊन वसतिगृहात गेलो. म्हटलं, करा सुरू गाणं.

गृहपालानं पत्र दोनदा वाचलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. म्हणाला, "म्हंजे मालक आता सर झाले. मग सरांची लेखी परवानगी लागंल मला फायलीला. 'माझ्या मालकीचे गीत वसतिगृहातील मुलांनी जेवणाच्या वेळी म्हणण्यास माझी हरकत नाही', एवढं लिहून द्या. लगेच चालू करतो."

मला वाटलं, झालं, एक कागद. मीच टेबलावर बसून लिहिला आणि सरांपुढं सहीला ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. पेन उघडलं. 'माझ्या मालकीचे' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मुलांचे'. मग सही केली.

"असं न्हाई चालत सर," गृहपाल म्हणाला. "मालक तुमी हाव, असं कागदावर पायजे. न्हाईतर परवानगी देणारे तुमी कोण?"

"तेच म्हून राहिलो मी," सर म्हणाले. "मी कोण?"

मी समजावलं, गजाननानं समजावलं. नुसते दोन शब्द आहेत, सर. ते ऐकत राहिले आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, तुमी नाव घाला म्हटलं, म्या घालू दिलं. पण भुकेल्या पोराला जेवायच्या रांगेत उभं राहाया मी परवानगी दिऊ? उद्या मी मेलो तर ती कोणाकडून आणायची त्यांनी?"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पोरं ताटं घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. कोणी वाजवेना. आमच्याकडं बघत होती, गृहपालाकडं बघत होती. पुढून तिसऱ्या जागी एक पोर, सहावीतलं असेल, त्याच्या पाठीवर मागच्याचा हात होता.

कागद अजून तसाच आहे. सर शब्द बदलत नाहीत, गृहपाल त्याशिवाय घेत नाही. दोघांपैकी कोणालाही मी दोष देऊ शकत नाही, आणि ते मला सहन होत नाही. तेव्हा मी आणि गजाननानं ठरवलं आहे. दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह उघडलं की पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला आम्ही दोघं आपापली ताटं घेऊन रांगेत उभं राहणार आणि वाजवणार. पोरांनी म्हणावं की नाही, ते पोरांनी ठरवावं. गृहपालाला तक्रार करायची असेल तर त्यानं खुशाल माझ्या नावानं करावी.